चंद्रावरचा फुफाटा खोटा करता येतो का?

मागच्या अंकात अंतराळपटांवर लेख आला आणि पत्रं आली ती मात्र बहुतेक एकाच प्रश्नाची: माणूस चंद्रावर गेला होता की तोही सिनेमाच? त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांच्या चित्रफिती स्टुडिओत काढून स्लो मोशनमध्ये दाखवल्या, असं आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी टाकतं. खरं-खोटं घरी तपासता येईल का? (एक वाचक, परळी)

येईल. मोबाइल आणि वाटेवरचा फुफाटा, एवढं पुरे.

आधी गणित. चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण एक षष्ठांश. दीड मीटरवरून सोडलेला खडा इथे ०.५५ सेकंदात खाली येतो, तिथे १.३६ सेकंद घेतो. म्हणजे इथलं चित्रण अडीच पट सावकाश चालवलं की पडण्याचा वेग चंद्रावरचा वाटतो. इथवर शंका घेणाऱ्याचं बरोबर आहे.

आता पहाटे, वारा पडलेला असताना, कोरड्या गाडीवाटेवर जा. मोबाइल सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवून चार-पाच पावलांवर विटेला टेकवा आणि फुफाट्याला जोरात लाथ मारा. चित्रण ०.४ वेगाने चालवून पाहा. खडे छान कमान करून पडतील. धुरळा मात्र पडणार नाही, तो तरंगेल, पांगेल, तुमच्या पायजम्यावर बसेल. कितीही सावकाश चालवा, हवा लपत नाही.

मग अपोलो १६ मधली, एप्रिल १९७२ ची, चंद्रावर चालवलेल्या गाडीची चित्रफीत लावा. अंतराळवीर जॉन यंग गाडी दामटतोय, चाकामागून माती उडतेय. ती माती खड्यासारखीच कमान करते आणि थेट खाली येते. मागे ढग नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने ट्रॅक्टर गेला की पाच मिनिटं मागचं काही दिसत नाही, ते आठवा.

यावर उत्तर येतं की धुऊन चाळलेली वाळू वापरली असेल. तीही घेऊन पाहा. धुरळा कमी उडेल हे खरं, पण तिच्यावर बुटाचा ठसा उमटवा. कडा लगेच ढासळतात. चंद्रावरच्या ठशांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत, कारण तिथली माती पिठासारखी बारीक आणि तिचे कण टोकदार, एकमेकांत अडकणारे. ठसा धरेल इतकी बारीक कोरडी माती हवेत उडतेच आणि न उडणारी वाळू ठसा धरत नाही. काळी माती ओली केली तर ठसा फक्कड येईल, पण मग उडतो तो चिखल. दोन्ही गोष्टी एकाच मातीत हव्या असतील तर हवाच काढून टाकावी लागते. अमेरिकेत ह्यूस्टनला मोठी निर्वात (हवा काढून टाकलेली) कोठी आहे, पण तिची रुंदी सुमारे १७ मीटर. तीन मीटर लांबीची गाडी तिच्यात दामटणार तरी किती?

अपोलो १७ मध्ये तर हातोडा अडकून गाडीचं मागचं मडगार्ड तुटलं आणि माती थेट अंतराळवीरांच्या अंगावर यायला लागली. शेवटी चार नकाशे चिकटपट्टीने जोडून, यानातल्या चिमट्यांनी तिथे बसवले. असला जुगाड पटकथेत कोण लिहील!

चंद्रावरचा दगडही बेसाल्ट आणि आमच्या विहिरीत लागतो तोही बेसाल्ट. मग इथलाच दगड “चंद्राचा” म्हणून खपवला नसेल कशावरून? (एक वाचक, जालना)

शंका रास्त आहे. लोणार इथून जवळ, आणि बेसाल्टात उल्केने पाडलेलं ते विवर चंद्राच्या अभ्यासासाठीही वापरलं जातं. पण पाण्याने सगळी गोम केली आहे.

विहिरीतून निघालेला सच्छिद्र दगड फोडा. त्याच्या पोकळ्यांत पांढरे, कधी हिरवट स्फटिक सापडतात. हे झिओलाइट आणि गारगोट्या, दगडात झिरपलेल्या पाण्याने तयार झालेल्या. बाहेरच्या अंगाला तांबूस गंज चढलेला असतो. अपोलोच्या बेसाल्टातही बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत, पण त्या रिकाम्या. त्यात शुद्ध लोखंडाचे कण न गंजता राहिले आहेत. दगडाच्या उघड्या बाजूला सुईच्या टोकाएवढे, आतून काच झालेले खळगे आहेत. धुळीएवढ्या उल्का सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आदळल्या की ते पडतात. पृथ्वीवर असे कण वरच्या हवेतच जळतात किंवा मंदावतात. आपल्या दख्खनच्या दगडाचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, अपोलोच्या बेसाल्टाचं तीनशे कोटींच्या पुढे.

अपोलो मोहिमांतून अशी एकूण ३८२ किलो दगडमाती आली. रशियाच्या माणूस नसलेल्या लुना १६ यानाने १९७० मध्ये स्वतःची १०१ ग्रॅम माती आणली, चीनने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम. मातीत खोट असती तर बोंब मारायला सगळ्यात आधी रशिया पुढे आला असता.

फोटोत आकाश काळंभोर, पण तारा एकही नाही. का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

शुक्ल अष्टमीच्या आसपास माळवदावर जा. मोबाइल ‘प्रो’ मोडवर घ्या, आयएसओ (प्रकाश टिपण्याची क्षमता) १००, शटर १/१००० सेकंद, तीन सेकंदांचा टायमर. चंद्रावरचे डाग दिसतील, तारे नाहीत. आता मोबाइल न हलवता आयएसओ ८०० आणि शटर १० सेकंद करा. तारे येतील आणि चंद्राचा पांढरा गोळा होईल. अंतराळवीर उन्हात, पांढऱ्या पोशाखात उभे होते. त्यांचे फोटो १/२५० सेकंदाच्या आसपासचे. तेवढ्यात तारा उमटत नाही.

चांद्रयान-३ उतरताना टीव्हीवर कार्टून दाखवलं. खरं चित्रण का नाही? (एक वाचक, हिंगोली)

कार्टून होतं हे खरं. पण शेजारचे वेग-उंचीचे आकडे यानाकडून येत होते. उतरण्याच्या त्या एकोणीस मिनिटांत यानाची वीज आणि संदेशाची वाट या आकड्यांसाठी राखलेली असते. फोटो साठवून नंतर पाठवतात. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान टेकलं आणि उतरतानाचं खरं चित्रण दुसऱ्याच दिवशी आलं. २०१९ मध्ये याच पद्धतीच्या पडद्यावर चांद्रयान-२ च्या विक्रम यानाचा ठिपका सुमारे २.१ किलोमीटर उंचीवर आखलेल्या रेषेवरून ढळला आणि थोड्याच वेळात संपर्क तुटला. बनाव करणारा जगासमोर स्वतःचं यान कशाला पाडेल?

शाळेच्या सहा इंची दुर्बिणीतून अपोलो ११ चा झेंडा दिसेल का? (एक शिक्षक, नांदेड)

नाही. या दुर्बिणीतून चंद्रावर सुमारे दीड किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं दिसत नाही. यानाचा तिथे राहिलेला भाग पायापासून पायापर्यंत नऊ मीटर. हबल या अंतराळातल्या दुर्बिणीलाही तो दिसत नाही, त्याची मर्यादा नव्वद मीटरच्या आसपास. अमेरिकेच्या २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने मात्र जवळून फोटो काढले. त्यात यानाचा तळ आणि अंतराळवीरांच्या पायवाटा दिसतात. झेंडा तर परत निघताना इंजिनाच्या झोताने पडला, असं अपोलो ११ चा अंतराळवीर ऑल्ड्रिन यानेच सांगितलं आहे.

मुलांना जागा दाखवता येईल. शुक्ल षष्ठीच्या आसपास, अंधार-उजेडाची सीमा शांतिसागर या चंद्रावरच्या काळसर मैदानावर असताना, त्याच्या नैर्ऋत्य काठावर सबाइन आणि रिटर ही जोडविवरं शोधा. दोन्ही साधारण ३० किलोमीटर रुंद, सहज सापडतात. त्यांच्या पूर्वेला जे सपाट दिसतं, तिथेच यान उतरलं.