वाचक विचारतात: सायकॉलॉजी वाचताना कळतं, मग टेस्टमध्ये का अडतं?

प्रश्न: मी सायकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. बेसिक कन्सेप्ट्सचं प्रकरण चारदा वाचलं, हायलाइटरने अख्खं रंगवून टाकलं, वाचताना सगळं कळतं. पण टेस्टला बसले की पॅवलॉव्हचा प्रयोग कुठला नि स्किनरचा कुठला हेच कळेनासं होतं, मार्क निम्मेच पडतात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

उत्तर: तुझ्या पत्रात स्मरणशक्ती कमी असल्याची एकही खूण मला दिसली नाही, उलट जे झालंय ते तुझ्याच अभ्यासक्रमातलं आहे. चौथ्यांदा पान उघडलं की वाक्यं ओळखीची वाटतात आणि ती ओळख म्हणजेच आपल्याला येतंय असं मन धरून चालतं. पुस्तकी भाषेत ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे समोर दिसलेलं ओळखणं, आणि समोर काही नसताना आतून काढावं लागतं ते प्रत्यावाहन, तू सराव केलास पहिल्याचा आणि टेस्टने मागितलं दुसरं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आपल्या लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! म्हणजे "मला येतंय" या भावनेवर विसंबून चालत नाही, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, अडलं तरी दोन मिनिटं झगडायचं, मग उघडून ताडून बघायचं. ताडून बघणं मात्र चुकवू नकोस, विशेषतः पर्यायवाले प्रश्न सोडवताना, कारण चुकीचा पर्याय निवडून तसंच पुढे गेलीस तर तोच बरोबर म्हणून डोक्यात बसू शकतो.

आता पॅवलॉव्ह आणि स्किनर. पॅवलॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ मुळात पचनावर काम करत होता, १९०४ चं नोबेल त्याला त्याच कामासाठी मिळालं, कुत्र्यांची लाळ तो मोजत होता म्हणून तर त्याला दिसलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटतेय. हे लक्षात ठेवलंस तर बाकीचं आपोआप येतं, लाळ कुत्रा ठरवून गाळत नाही, ती आपोआप होणारी क्रिया आहे आणि ती नव्या उद्दीपकाला, म्हणजे प्रतिसाद जागवणाऱ्या नव्या गोष्टीला, जोडली जाते, हे अभिजात अभिसंधान (क्लासिकल कंडिशनिंग). स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पेटीतला उंदीर मात्र स्वतः दांडा दाबतो आणि त्यामुळे पुढे काय मिळतं त्यावर तो पुन्हा दाबणार की नाही हे ठरतं, हे साधक अभिसंधान (ऑपरंट कंडिशनिंग). प्रश्नात उदाहरण आलं की एवढंच विचार, आधी उद्दीपक आला आणि प्रतिसाद आपसूक झाला, की आधी कृती झाली आणि मग परिणाम आला?

प्रश्न: ऋण प्रबलन (निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट) म्हणजेच शिक्षा ना? आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद झाला.

उत्तर: नाही. ही चूक इतकी होते की पेपर काढणारे मुद्दाम हाच पर्याय ठेवतात. प्रबलन कुठलंही असो, धन किंवा ऋण, त्याने वागणं वाढतं, शिक्षेने कमी होतं. ऋण म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेतलं एवढाच त्याचा अर्थ, आणि धन म्हणजे काहीतरी मिळालं. बाळ रडतंय, आईने उचललं, रडणं थांबलं, पुढच्या वेळी आई लगेच उचलते, तर त्रासदायक आवाज गेला म्हणून आईची उचलण्याची सवय वाढली, हे ऋण प्रबलन. आणि त्याच क्षणी बाळाला रडल्यावर आईची कूस मिळाली म्हणून बाळाचं रडणं वाढलं, तर ते बाळाचं धन प्रबलन. प्रसंग एकच आहे, म्हणून आधी ठरवा की वागणं कोणाचं बघताय.

प्रश्न: मी शिकवते. मुलांना मूलभूत संकल्पना कळल्यात का हे बघायला वीस प्रश्नांची टेस्ट केली, सगळ्यांना छान मार्क पडले, पण वर्गात चर्चा घेतली तर कुणालाच काही सांगता येईना. टेस्ट चुकली का?

उत्तर: तुम्ही प्रश्नही पाठवलेत ते बरं केलंत. त्यातले बहुतेक "मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा कुणी आणि कधी काढली" या जातीचे आहेत. वुंट, लाइपझिग, १८७९ हे यायलाच हवं, पण ते आलं म्हणून मानसशास्त्र प्रायोगिक झालं म्हणजे नेमकं काय बदललं हे कळलंय असं होत नाही. तुमची टेस्ट पुन्हा घेतली तरी कदाचित तेच मार्क येतील, ती विश्वसनीयता झाली, पण जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का ही सप्रमाणता, आणि ती इथे कमी पडली. व्याख्या विचारण्याऐवजी न वाचलेला प्रसंग द्या. उदाहरणार्थ, कमी झोपणाऱ्या मुलांना कमी मार्क मिळतात असं एका पाहणीत दिसलं, तर झोप वाढवली की मार्क वाढतील असं म्हणता येईल का, आणि नसेल तर प्रयोग कसा आखाल, त्यात स्वतंत्र चल (जे आपण बदलतो) कुठलं, परतंत्र (जे त्यामुळे बदलतं का ते मोजतो) कुठलं? असे पाच प्रश्न पुरेत, तपासायला वेळ लागेल, पण सहसंबंध (दोन गोष्टी सोबत बदलणं) आणि कारण यात कोण गोंधळतंय ते उत्तर वाचतानाच दिसेल. मार्क देऊन पेपर परत केलात की त्याच उत्तरांवर वर्गात चर्चा घ्या.