स्फोटाला आवाज हवाच का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकातील टिपणात आम्ही असे म्हटले होते की, ज्या विज्ञानपटातून विज्ञान काढून घेतले तरी कथेचे काहीच अडत नाही, तो विज्ञानपट नसून निराळ्या पोशाखातला मारधाडपट असतो. या विधानावर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली, आणि त्यांतली काही चांगलीच तिखट होती. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे या सदराच्या प्रथेप्रमाणे दिलेली नाहीत.

राजारामपुरीतील एक भौतिकशास्त्राचे शिक्षक लिहितात : अवकाशात हवा नाही, त्यामुळे ध्वनी नाही, हे मी आठवीपासून शिकवतो. तीच मुले चित्रपटगृहात अवकाशयानाचा गडगडाटी स्फोट ऐकून शिट्ट्या मारतात. मी चूक दाखवली की “सर, मजा घालवू नका” म्हणतात. अशा चित्रपटांना विज्ञानपट म्हणणेच बंद करावे, असे आपणांस वाटत नाही काय?

आपले विज्ञान निर्विवाद आहे. तथापि त्याच्या आधारे आपण ज्या गुन्ह्याची फिर्याद करीत आहात, तो आमच्या मते गुन्हाच नाही. केशवराव भोसले ज्या रंगभूमीवर गाजले, त्या संगीत नाटकांत विरहाने व्याकूळ झालेली नायिका सहा-सहा मिनिटांचे पद ताना घेऊन म्हणते, ‘वन्स मोअर’ मिळाला तर तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून व्यक्त करते, आणि अरण्यात ऑर्गन व तबला कोठून आले, असे कोणताही प्रेक्षक विचारीत नाही. तो रंगभूमीचा संकेत असतो. अवकाशातील स्फोटाचा आवाज हा त्याच जातीचा संकेत आहे. यान निर्वातात असले तरी प्रेक्षक हवेत बसलेला आहे, आणि पार्श्वसंगीतसुद्धा त्या निर्वातात कोणी वाजवीत नसतेच. १९६८ साली, म्हणजे मनुष्य चंद्रावर उतरण्याच्या एक वर्ष आधी, स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात हा संकेत मोडला, अवकाशातील दृश्ये संगीतावर, शांततेवर किंवा शिरस्त्राणातील श्वासोच्छ्वासावर पेलली, आणि ती आजही अंगावर येतात. कुब्रिकने तो संकेत नाकारला म्हणून तो पाळणारे सगळे खोटे ठरतात, असे मात्र नाही.

चीड यायची असेल तर ती निराळ्या ठिकाणी यावी, आणि त्या ठिकाणी विद्यार्थीही आपल्या बाजूने उभे राहतील असा आमचा अंदाज आहे. ‘ग्रॅव्हिटी’ हा २०१३ सालचा चित्रपट घ्या. आवाजाच्या बाबतीत तो कमालीचा काटेकोर आहे. अंतराळवीराच्या शरीराला किंवा पोशाखाला जे स्पर्श करते, त्याचाच कंप तेवढा आपल्याला ऐकू येतो. त्या चित्रपटाची सारी कथा मात्र हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापर्यंत पाठीवरच्या वायुयंत्राच्या जोरावर जाण्यावर उभी आहे. हबलची कक्षा तेव्हा सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवर होती आणि ती विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करते; स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवर असून त्याच्या कक्षेचा कोन ५१.६ अंशांचा आहे. उंचीतला फरक हा यातला किरकोळ भाग. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वस्तूच्या कक्षेचे प्रतल तेवीस अंशांनी वळवायचे, तर दोन्ही प्रतले जेथे छेदतात तेथे नेमके गाठूनही सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर इतका वेगबदल करावा लागतो. १९८४ साली नासाने प्रत्यक्ष वापरलेल्या पाठीवरच्या यंत्राची एकूण क्षमता सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास होती. म्हणजे जे लागते त्याच्या शतांशसुद्धा हाताशी नाही.

त्याच चित्रपटात पुढे दोघे अंतराळवीर एका दोरीला लोंबल्यासारखे अडकतात, आणि सहकारी वाचावी म्हणून वरिष्ठ अंतराळवीर स्वतःला सोडवून घेऊन अवकाशात दूर जातो. दोरीने दोघांची गती एकदा थोपवली की त्याला दूर ओढणारे काहीच तेथे उरत नाही. अलगद हिसका दिला असता तरी तो तिच्याकडे सरकत आला असता. येथे प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावे अशी अपेक्षा आहे, आणि ज्या बळामुळे त्याला मरावे लागते ते बळ अस्तित्वातच नाही. कड्यावरून लोंबकळणाऱ्या माणसाचा प्रसंग उचलून जेथे ‘खाली’ ही दिशाच नाही अशा जागी नेऊन ठेवल्याचा हा परिणाम आहे. स्फोटाचा आवाज गाळला तर कथेत काहीही बदलत नाही. ही चूक सुधारली तर कथेतला मृत्यूच रद्द होतो. आमची फिर्याद एवढीच आहे.

आता आपण विचाराल की, ‘द मार्शियन’चे काय? तेथे मंगळावरील वादळ यान उलथवू लागते आणि त्यामुळेच नायक मागे राहतो, म्हणजे सारी कथा चुकीवरच उभी आहे. हे खरे आहे. मंगळावरील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे तेथील ताशी शंभर किलोमीटरचा वारा आपल्याकडच्या बारा-तेरा किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच ढकलू शकतो. पन्हाळ्यावरची संध्याकाळची झुळूकही कधी कधी त्याहून जोरदार असते. मूळ कादंबरीचे लेखक अँडी विअर यांनी ही सवलत आपण जाणूनबुजून घेतल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. या सवलतीला आम्ही माफी देतो, कारण ती आरंभी घेतलेली आहे आणि तिच्यामुळे नायक अडचणीत येतो. नंतर बटाटे पिकवण्यापासून पाणी तयार करण्यापर्यंत प्रत्येक सुटका त्याला रसायनशास्त्राकडून आणि अंकगणितातून मिळवावी लागते, तेथे वादळासारखी फुकटची मदत येत नाही. आरंभी एक खोटे मागून घेणाऱ्या कथेला ते द्यावे. शेवटी गळ्याशी आल्यावर जी कथा नवे खोटे मागते, तिला देऊ नये. विद्यार्थ्यांना पुढच्या खेपेस ध्वनीऐवजी हा दोरीचा प्रसंग सोडवायला द्या.

शाहूपुरीतील एक वाचक, ज्यांनी आयुष्यभर चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला, लिहितात : प्रेक्षक तिकीट काढतो ते डोळे दिपवून घ्यायला. ज्याला खरे विज्ञान हवे त्याने माहितीपट पाहावा. बाबूराव पेंटरांच्या गावात बसून तुम्ही चमत्कृतीला नावे ठेवता, याचे नवल वाटते.

आपण बाबूरावांचे नाव काढलेत हे बरे झाले, कारण त्यांची साक्ष आम्हीच काढणार होतो. ‘सैरंध्री’ हा १९२० सालचा त्यांचा मूकपट पौराणिक होता. त्यात भीम कीचकाला मारतो. तो प्रसंग त्यांनी इतका हुबेहूब उतरवला की प्रेक्षकांना भोवळ आली आणि अखेर ते दृश्य काढून टाकावे लागले, असे चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेथे चमत्कृती कोठे संपते आणि वास्तव कोठे सुरू होते? पाच वर्षांनी त्याच कलावंताने ‘सावकारी पाश’सारखा शेतकऱ्याच्या कर्जाचा रखरखीत चित्रपट काढला. दोहोंसाठी त्यांनी निराळे डोळे वापरले, असे आम्हांस वाटत नाही. तेव्हा चमत्कृती आणि वास्तव यांचे भांडण आपण लावता तितके जुने नाही, आणि कोल्हापूरचे तर नाहीच.

विज्ञानपटात याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘इंटरस्टेलर’मधील कृष्णविवर हे आहे. २०१४ सालच्या या चित्रपटासाठी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांनी (तीन वर्षांनी गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी ज्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तेच हे) कृष्णविवराजवळून प्रकाशकिरण कसे वाकतात याची समीकरणे दृश्यपरिणाम करणाऱ्या चमूला दिली. त्या समीकरणांतून जे चित्र उमटले ते कोणत्याही चित्रकाराने कल्पनेने काढले नसते : कृष्णविवराभोवतीची तप्त वायूची तबकडी समोरून आडवी दिसते, आणि तिचा मागचा भाग, जो वास्तविक झाकला जायला हवा, तो गुरुत्वाकर्षणाने वाकलेल्या प्रकाशामुळे वर कमानीसारखा आणि खाली झालरीसारखा दिसतो. असे काही दिसेल हे ज्याँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७९ सालीच गणिताने दाखवले होते. पडद्यावर ते आले तेव्हा लोकांचे डोळे दिपले, आणि या कामातून एका शोधपत्रिकेत निबंधही प्रसिद्ध झाला. येथे डोळे दिपवण्याचे काम समीकरणांनीच केले.

त्यातही एक तडजोड झालीच. तबकडीतील वायू प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने फिरत असल्यामुळे तिची आपल्याकडे येणारी बाजू खूप तेजस्वी आणि निळसर, तर दूर जाणारी बाजू मंद दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून ही विषमता चित्रपटातून काढून टाकण्यात आली आणि दोन्ही बाजू सारख्या उजळ ठेवल्या गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये एम-८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील वलय एका बाजूला ठळकपणे उजळ होते. प्रेक्षक त्या प्रतिमेने काही गोंधळले नाहीत. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर छापली. प्रेक्षकाला काय झेपेल याबद्दलचे निर्मात्यांचे अंदाज पुष्कळदा प्रेक्षकावर अन्याय करणारे असतात, एवढे यावरून म्हणता येईल.

या चित्रपटात विज्ञानाने केवळ देखावा पुरवला असता तर आम्ही त्याचे एवढे कौतुक केले नसते. कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, हा त्यातील हिशेब आहे; कृष्णविवर कमाल मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर तो जुळवता येतो. नायक त्या ग्रहावरून परततो तोवर घरी तेवीस वर्षे उलटलेली असतात, आणि साठलेल्या निरोपांत त्याची लहान मुले डोळ्यांदेखत मोठी होतात. सापेक्षता सिद्धांत काढून घेतला तर हा प्रसंगच उरत नाही. शेवटच्या भागात कृष्णविवराच्या पोटात जे घडते ते मात्र आम्हांस पटले नाही. तेथे भौतिकशास्त्र थकते आणि भावना एकटीच पुढे धावते.

येथे एका गोष्टीची आठवण ठेवावी. त्या चित्रपटाच्या चाळीस वर्षे आधी, १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली होती. लेखकाने नाव लपवून ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. ते लेखक म्हणजे डॉ. जयंत नारळीकर, त्यांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या कोल्हापुरातला. तेव्हा या गावाचा वारसा सांगायचाच तर बाबूरावांच्या जोडीला हेही नाव घ्यावे लागेल.

कागल येथील इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी विचारते : अवकाशात शिरस्त्राण फुटले तर माणूस फुग्यासारखा फुटतो का? एका चित्रपटात तसे दाखवले होते, दुसऱ्यात तो क्षणात गोठला.

दोन्ही चूक. आपली कातडी पुरेशी चिवट असते, त्यामुळे शरीर सुजते पण फुटत नाही. निर्वातात उष्णता वाहून नेणारी हवा नसल्यामुळे गोठायलाही वेळ लागतो. खरा धोका मेंदूला प्राणवायू न मिळण्याचा असतो, आणि शुद्ध दहा ते पंधरा सेकंदांत हरपते. १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. तो चौदा सेकंदांच्या सुमारास बेशुद्ध पडला, आणि जिभेवरची लाळ उकळू लागल्याची जाणीव ही त्याची शेवटची आठवण होती. लगेच हवा सोडल्यामुळे तो वाचला. कुब्रिकच्या ज्या चित्रपटाचा वर उल्लेख आला, त्यात एक अंतराळवीर शिरस्त्राणाविना काही सेकंद निर्वातातून यानात शिरतो. ते शक्य आहे, फक्त त्याने तोंड मिटून श्वास रोखलेला दिसतो तेवढी चूक आहे. श्वास सोडून द्यायला हवा, नाहीतर आतली हवा प्रसरण पावून फुप्फुसे फाटतात. तुझा प्रश्न चांगला होता. दोन चित्रपट एकमेकांशी ताडून पाहायची ही सवय सोडू नकोस.

इचलकरंजी येथील एक तरुण लिहितात : आम्ही मित्र मंगळमोहिमेवर अर्ध्या तासाचा लघुपट करीत आहोत. पैसे बेताचेच आहेत. पात्रांना तारांवर तरंगत ठेवणे परवडणारे नाही, म्हणून यानात सगळे जमिनीवर चालताना दाखवणार आहोत. हे चालेल का?

“यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे” असे एका पात्राकडून वदवून घेण्याचा मोह होईल; तो टाळावा. फिरत्या चाकाने गुरुत्वाचा आभास निर्माण करता येतो हे खरे, परंतु चक्कर येऊ नये म्हणून ते मिनिटाला दोनच फेऱ्या घेणारे ठेवायचे, तर पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी त्याची त्रिज्या सुमारे सव्वादोनशे मीटर लागते. एवढे मोठे यान दाखवणे तारांपेक्षा महाग पडेल. खऱ्या वजनरहित अवस्थेत चित्रण करण्याचा मार्गही आहे. ‘अपोलो १३’ या १९९५ सालच्या चित्रपटासाठी नासाच्या विमानातून कमानीसारखी उड्डाणे करून एका वेळी पंचवीसेक सेकंद ती अवस्था मिळवली गेली. तो मार्ग आपल्या कोणाच्याच आवाक्यातला नाही.

आमची सूचना अशी की, कॅमेरा यानात नेऊच नका. सगळी कथा पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षात घडवा, यानातील पात्रांचा केवळ आवाज येऊ द्या, आणि मंगळ व पृथ्वी यांच्यातील अंतर हेच संकट करा. दोन्ही ग्रह जवळ असताना रेडिओ संदेश पोहोचायला सुमारे तीन मिनिटे लागतात, दूर असताना बावीस. “दाब कमी होतो आहे, काय करू?” हा प्रश्न कक्षात ऐकू येतो तेव्हा तो विचारून बावीस मिनिटे झालेली असतात, आणि उत्तर तेथे पोहोचायला आणखी बावीस लागणार असतात. बहुतेक चित्रपट ही दिरंगाई गुपचूप गाळून टाकतात, कारण संवाद रंगत नाही असे त्यांना वाटते. तुमच्या लघुपटाची लांबी अर्ध्या तासाची आहे, हे तर येथे फारच सोयीचे आहे : प्रश्न पहिल्या दृश्यात येऊ द्या, आणि उत्तर कक्षातून निघाल्यानंतर ते वेळेत पोहोचले की नाही हे कळण्याच्या आत पडदा पाडा. खर्च दोन टेबले, चार खुर्च्या आणि एका भिंतीवरच्या घड्याळाचा. ते घड्याळ मात्र चालू असलेले घ्या, आणि संकलन करताना त्याचे काटे मागे-पुढे होणार नाहीत याची काळजी घ्या. राजारामपुरीचे शिक्षक आणि कागलची विद्यार्थिनी लघुपट पाहायला येतील, असे धरून चालावे.