मुलाला उद्योजक करायचंय म्हणता, आणि तो मोटरी भरतोय त्याचं काय?

पत्र पलूस तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे, थोडक्यात सांगतो. स्वतः जिल्हा परिषदेत क्लार्क, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. मुलगा 19 वर्षांचा, बारावी कॉमर्स, 61 टक्के. "मी आयुष्यभर नोकरीत सडलो, मुलाने उद्योजक व्हावं ही इच्छा आहे. जीपीएफमधून, म्हणजे नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीतून, 11 लाख काढून चहाची फ्रँचायझी घेऊन देतोय, सोबत बीबीए करेल. पण त्याला काही सिरियसनेसच नाही. दिवसभर मामाच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो, ग्रीस माखून घरी येतो, मामाच्या उधारीच्या वसुलीला गाडी घेऊन गावोगाव फिरतो. मिसेस पण नाराज आहेत. त्याला समजावून सांगा."

नमस्कार साहेब,

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा हसू आलं आणि मग काळजी वाटली. इतकी वर्षं माझ्याकडे पालक येतात ते "धंदा बिंदा नको, आधी सरकारी नोकरी बघ" म्हणणारे, तुम्ही उलटे आलात. पण दबाव तोच आहे हो, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला. आधीचे बाप डॉक्टर हो म्हणायचे, आता रील बघून मालक हो म्हणतात. अख्ख्या पत्रात मुलाला काय हवंय याची एक ओळ नाही, शोधली मी. मिसेसना एका वाक्यात उरकलंय, त्या कशावर नाराज आहेत, मुलावर की 11 लाखांवर, ते लिहिलंच नाही. माझा अंदाज 11 लाखांवर.

आणि "नोकरीत सडलो" हे त्याच्यासमोर बोलता का? त्या सडलेल्या नोकरीनेच घर चाललं ना, त्याच नोकरीचे पैसे तुम्ही आता काढायला निघालाय. तुमचं राहून गेलेलं काहीतरी त्याच्याकडून करून घ्यायचं चाललंय असं मला वाटतं, राग मानू नका.

आता तुम्ही ज्याला टाइमपास म्हणता तिकडे येतो. एप्रिलमधे खरड छाटणी झालेली द्राक्षबाग, भर ऊन, आणि बोरची मोटर जळते. शेतकरी ती टेम्पोत टाकून तुमच्या मेव्हण्याच्या दारात आणतो. मोटर खोलायची, जळालेली वायर ओढून काढायची, काढता काढता वेटोळे किती आणि वायरचा गेज कुठला ते लिहून ठेवायचं, मग नवी तांब्याची वायर भरायची, आणि हे सगळं उद्या सकाळपर्यंत, कारण पाण्याची पाळी चुकली तर बाग तुमच्या मेव्हण्याला माफ करणार नाही. तांबं रोखीने आणावं लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं उसाचं बिल आलं की देतो. मग बिल आल्यावर त्याच्या दारात जाऊन, भांडण न करता, पुढच्या वेळी मोटर आपल्याकडेच येईल अशा बेताने पैसे मागायचे. हे काम तुमचा 19 वर्षांचा मुलगा करतोय! वसुली येणं म्हणजे अर्धा धंदा येणं. मी स्वतः दोन वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवून बंद केलंय, का बंद केलं विचाराल तर झेरॉक्स उत्तम निघायची, मला पैसे मागता यायचे नाहीत.

उद्योजक म्हणजे वेगळं काय असतं? लोकांची एखादी अडचण कुणीतरी आपल्या अंगावर घेतो, पैसे बुडाले तर माझे बुडतील म्हणतो, आणि त्यातून चार पैसे काढून दाखवतो. दुकानाची पाटी, व्हिजिटिंग कार्ड नंतर येतं.

तुमचा खरा गैरसमज इथे आहे, आधी भांडवल टाकायचं आणि मग उद्योजक व्हायचं. लिज्जत पापड 80 रुपयांवर सुरू झाला हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडा, तुमच्या घराजवळचंच बघा, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे, म्हणजे नोकरीच करत होते, आणि तिथून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे. हे 1888 च्या सुमाराचं. पुढे नोकरीत बढती डावलली तेव्हा ती सोडून बेळगावला आले, कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. नांगर कोणी घेईना, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणायचे शेतकरी, पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. आणि औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना आला 1910 मधे. सायकलीपासून मोजलं तर बावीस वर्षं झाली! त्यात आधी गिऱ्हाईक कळलं, मग हातात काम आलं, मोठा पैसा सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटून सुरू करताय, आणि ते पण मुलाच्या नावाने.

फ्रँचायझीत चहाचा भाव ते ठरवणार, पावडर त्यांच्याकडूनच घ्यायची, पाटी त्यांची, तोटा झाला की मात्र तुमचा. सगळ्या वाईट असतात असं नाही म्हणत, पण हिशोब केलात का? समजा गाळ्याचं भाडं 18 हजार, दोन पोरांचे पगार 24 हजार, लाईट-गॅस 5 हजार, झाले 47 हजार. दहाच्या कपात साहित्य जाऊन 4 रुपये उरले असं धरू, तर रोज 390 च्या वर कप विकल्यावर फक्त खर्च निघतो, मुलाच्या हातात अजून एक रुपया आलेला नाही आणि 11 लाख तर दूरच. त्यांच्याच एखाद्या चालू दुकानासमोर संध्याकाळी चार ते सात उभे राहा आणि कप मोजा. ज्याने दुकान बंद केलं त्याला पण गाठा, कंपनी त्याचा नंबर देणार नाही, शेजारचा पानवाला देईल.

बीबीएचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2024 पासून त्याला सीईटी आहे, द्यायची असेल त्याने द्यावी, पण डिग्रीने धंदा येत नाही. मला विचाराल तर आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं. कॉमर्सवाला आयटीआयला कसा म्हणून नाक मुरडू नका, प्रवेश दहावीवर होतो. सकाळी आयटीआय, संध्याकाळी मामाचं दुकान. मामाला सांगा भाचा म्हणून फुकट राबवू नको, महिन्याचे ठरवून दे, उधारीची वही त्याच्याच हातात दे, कुठली मोटर किती तांबं खाते आणि हातात किती उरतं हे त्याला वर्षभर लिहू दे. पुढे त्याला स्वतःचं काढायचं असेल तर सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज 50 हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, सुरुवातीची हत्यारं आणि थोडी वायर त्यात बसते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, त्याचे कोणी हजार-दोन हजार मागितले तर उठून यायचं. आणि त्याला काढायचंच नसेल, कुठल्या कारखान्यात मेंटेनन्सला लागायचं असेल, तर तेही ऐकून घ्या, त्यात सडणं वगैरे काही नाही.

तुमचा जीपीएफ तुमच्या म्हातारपणाचा आहे, त्याला हात लावू नका, हे मी तुमच्या मिसेसच्या वतीने पण लिहितोय असं समजा.

पुढचं पत्र मुलाला लिहू द्या, न वाचता पाठवा. आणि तुम्ही महिनाअखेर फ्रँचायझीचं टोकन भरणार असं लिहिलंय, अजून भरलं नसेल तर भरू नका. भरून बसला असाल तर पावतीवर पैसे परत मिळण्याबद्दल काय लिहिलंय ते आज बघा आणि मला लगेच कळवा.