हाफिज, सादी हे फारसी कवी धर्मगुरूंवर इतके तुटून पडतात, म्हणजे ते नास्तिक होते का?

अजिबात नाही. इराणमधल्या शिराज शहरातल्या शम्सुद्दीन मुहम्मदने 'हाफिज' हे कविनाम घेतलं, त्याचा अर्थच मुळी 'ज्याला कुराण तोंडपाठ आहे तो'. धर्माचा ज्यांनी बाजार मांडला, त्यांच्यावर त्याचा राग होता.

मी बरीच वर्षं कोश शेजारी ठेवून त्याच्या गझला वाचतो आहे. या शेरापाशी दर वेळी अडखळतो:

वाइजां कीं जल्वा दर मेहराबो-मिंबर मी-कुनंद
चूं ब-खल्वत मी-रवंद, आं कारे-दीगर मी-कुनंद

मशिदीत, व्यासपीठावर एवढा थाट मिरवणारे हे प्रवचनकार एकांतात गेले की 'ते दुसरं काम' करतात. कुठलं काम? हाफिज सांगतच नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. यातला 'खल्वत' तर आपल्याही ओळखीचा. दार लावून जी 'खलबतं' चालतात, ती याच शब्दातून आली. पुढच्याच शेरात तो विचारतो, लोकांना तोबा, म्हणजे पापाचा पश्चात्ताप, करायला लावणारे स्वतः इतकी कमी तोबा का करतात?

हा राग हवेतून आलेला नव्हता. १३५३ मध्ये मुबारिझुद्दीन मुहम्मदने शिराज घेतलं आणि मद्यालयांना टाळी ठोकली. लोक त्या सुलतानालाच 'मोहतसिब' म्हणू लागले. मोहतसिब म्हणजे बाजारात फिरून लोकांच्या वागण्यावर नजर ठेवणारा अंमलदार. पाच वर्षांनी त्याच्याच मुलाने, शाह शुजाने, त्याला पदच्युत करून आंधळं केलं. हाफिज लिहितो: देवा, त्यांनी मद्यालयाचं दार बंद केलं; आता ढोंगाच्या घराचं दार उघडतील, ते तू चालवून घेऊ नकोस.

सादीही शिराजचाच, हाफिजच्या आधीचा. 'गुलिस्तान' (१२५८) मधली त्याची एक गोष्ट मला फार आवडते. एक साधू राजाच्या पंगतीला मुद्दाम चार घास कमी खातो आणि नमाज मात्र नेहमीपेक्षा लांबवतो, लोकांनी थोर म्हणावं म्हणून. घरी येऊन जेवण मागतो. मुलगा हुशार. तो विचारतो, "बाबा, राजाकडे जेवला नाहीत?" "त्यांच्यासमोर कामी येईल इतकं खाल्लं नाही." "मग नमाजही पुन्हा पढा, तीही कामी येईल अशी झालेली नाही."

आता तुमच्या 'नास्तिक' या शब्दाकडे येतो. हाफिज स्वतःलाच बजावतो: मद्य पी, मस्तीत राहा, आनंदात राहा, पण इतरांसारखं कुराणाला ढोंगाचं जाळं करू नकोस. कुराणाची किंमत नसलेला माणूस ही ओळ कशाला लिहील? शिवाय त्याने स्वतःलाही सोडलेलं नाही. दुसऱ्या एका गझलेत तो म्हणतो, नीट पाहिलंस तर शेख, हाफिज, मुफ्ती (धर्मशास्त्राचा निवाडा देणारा), मोहतसिब, सगळेच ढोंग करताहेत. त्या यादीत दुसरं नाव त्याचं आहे.