कार्डांच्या कर्जापायी दिवाळखोरीचा अर्ज? आत्ता नको

सांगलीच्या एका वाचकांनी लिहिलंय: कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात पगार ४२ हजार, घरखर्च २६ हजार. मिरजेत आईचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तीन क्रेडिट कार्डांवर मिळून ४ लाख ८० हजार थकलेत. तासगावजवळ वडिलोपार्जित द्राक्षबाग, सातबारा वडिलांच्या नावावर. "वसुलीवाल्यांचे फोन सोसवत नाहीत. एकजण म्हणतात, हिस्सा भावाला हक्कसोड करून द्या, कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाका आणि मोकळे व्हा. टाकू का?"

माझं उत्तर: आत्ता टाकू नका. पण तुम्हाला मार्गच उरला नाही असं का वाटतंय, ते आकडे मांडल्यावर लगेच कळतं. महिना साडेतीन टक्के धरले तर ४ लाख ८० हजारांवर व्याज १६,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,०२४. म्हणजे मुद्दलातला एक रुपयाही कमी न होता १९,८२४ गेले, आणि तुमच्याकडे उरतात १६ हजार. असं कर्ज पगारातून कधीच फिटणार नाही. यात तुमचा नाकर्तेपणा नाही, व्याजाचा दरच तसा आहे.

आता अर्जाचं. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतली तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीची कलमं अजून लागू झालेली नाहीत. त्यामुळे सांगलीत आजही १९२० चाच नादारीचा (म्हणजे दिवाळखोरीचा) कायदा चालतो आणि अर्ज विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात करावा लागतो. तो मंजूर झाला की तुमची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. बाग वडिलोपार्जित असल्याने सातबाऱ्यावर नाव नसलं तरी तुमचा हिस्सा त्यात येऊ शकतो. नाव राजपत्रात छापून येतं. न्यायालय दिवाळखोरीतून मुक्तता देईपर्यंत ग्रामपंचायतीलाही उभं राहता येत नाही. आणि ही मुक्तता आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

हक्कसोडीचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावरून तुम्ही नादार ठरलात तर ते रद्द होऊ शकतं, आणि न्यायाधीशांपुढे तुमची दानत संशयात येते ती वेगळीच. पावणेपाच लाखांसाठी बागेतला हिस्सा आणि दोन भावांमधला विश्वास पणाला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्यापेक्षा महागडं कर्ज स्वस्तात बदला. कंपनीच्या कामगार पतसंस्थेचे तुम्ही सभासद आहात, असं पत्रात आहे. तिथून १३ टक्क्यांनी ३ लाख चार वर्षांसाठी मिळाले तर हप्ता साधारण ८,०५० बसतो. उरलेले १ लाख ८० हजार दागिने गहाण ठेवून १० टक्क्यांच्या आसपास उचलता येतील. उरलेल्या ८ हजारांतून ते दोन वर्षांच्या थोडं पुढे फिटतात आणि दागिने घरी येतात. मात्र दागिने पत्नीचे, त्यांचं स्त्रीधन. त्यांना सगळे आकडे दाखवा आणि त्या मनापासून हो म्हणाल्या तरच हात लावा. कार्डाच्या कर्जाला तारण नसतं, सोन्याला लिलाव असतो. नोकरीची खात्री नसेल तर सोनं घरातच राहू द्या आणि त्या १ लाख ८० हजारांसाठी बँकेशी एकरकमी तडजोडीचं बोला. तडजोड केली की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो, पुढची काही वर्षं घरकर्ज अवघड होतं. तरी नादारीपेक्षा ते परवडलं.

फोनचा त्रास आजच थांबवायला घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना धमकावताही येत नाही. वेळा टिपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. "जेलमध्ये टाकू" असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. निव्वळ कार्डाचं बिल थकलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलं तर मात्र खटला होऊ शकतो, तेवढं सांभाळा.

नोकरी गेली, कुणाला जामीन राहिल्याची देणी अंगावर आली आणि न्यायालयाची जप्ती दारात आली, तर मी स्वतः तुम्हाला चांगला वकील गाठा म्हणेन. आज तशी वेळ नाही. या आठवड्यात पतसंस्थेत अर्ज द्या, दोन जामीनदार तयार ठेवा. पैसे हातात आले की सर्वांत जास्त व्याजाचं कार्ड आधी फेडा, ते लेखी बंद करून घ्या आणि बाकी शून्य असल्याचा दाखला हातात आल्याशिवाय फाइल मिटवू नका.