राष्ट्रीय संग्रहालयाच्या बोधचिन्हात पारंपरिक नक्षी असायलाच हवी का?

नाही, नक्षी नसली तरी चालते. संग्रहालय कोणाचं आहे हे चिन्हातून कळायला हवं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला १९९८ साली उघडलेलं 'ते पापा' हे राष्ट्रीय संग्रहालय बघा. तिथल्या मूळ माओरी लोकांची कोरू नक्षी, म्हणजे नेच्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानाची वळी, हाताशी होतीच. पण ती एअर न्यूझीलंडच्या विमानांच्या शेपटीवर १९७० च्या दशकापासून आहे. ते पापाने घेतला अंगठ्याचा ठसा. माओरी असो वा युरोपीय वंशाचा, ठसा प्रत्येकाला आहे आणि प्रत्येकाचा वेगळा. संग्रहालयाचं ब्रीद 'आपली जागा' अशा अर्थाचं, त्याला हे चपखल बसतं. शिवाय रेषा जवळून पाहिल्या तर डोंगरउताराच्या नकाशासारख्याही वाटतात (हे माझं वाचन). छोट्या आकारात मात्र बारीक रेषा एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो, तेव्हा तिकिटाच्या मापात छापून बघाच.

एक अट: चिन्हाचा अर्थ देशागणिक बदलतो. आपल्याकडे अंगठा म्हटलं की आधी 'अंगठेबहाद्दर' आठवतो, मग सावकाराचा कागद. तेव्हा ठसा उचलू नका, विचार उचला. आणि सारनाथच्या सिंहांना हात लावू नका. राजमुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधनं आहेत.