वाइल्ड झेब्रा प्लेको इंदूरला मिळतोय म्हणे

प्रश्न: काका, एल-४६ म्हणजे झेब्रा प्लेको हा पट्टेवाला मासा घ्यायचाय. ओळखीतून एकजण म्हणतोय वाइल्ड कॉट (नदीतून पकडलेली) कन्फर्म्ड पेअर, म्हणजे जमलेली नर-मादी जोडी आहे, कुरिअरने पाठवतो, अर्धे पैसे आधी टाक. वर्षभरात पिल्लं विकून वसूल करू असा विचार आहे. घेऊ का?
– कॉलेज विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: नको घेऊस. हा मासा जगात फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीच्या एका छोट्या पट्ट्यात सापडतो, तिथे आता बेलो मॉन्टेचं धरण झालंय, आणि तो नदीतून पकडून बाहेर पाठवायला ब्राझीलने कधीचीच बंदी घातलीय, वरून २०२२ मध्ये सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये टाकून जंगली माशांचा निर्यात कोटाच शून्य केलाय. म्हणजे तुझा माणूस एकतर फेकतोय नाहीतर चोरीचा माल विकतोय. सरळमार्गाने जे येतात ते टँकमध्येच जन्मलेले, बरेचसे इंडोनेशियातले, आणि ते काही दुय्यम नसतात, उलट टँकचं खाणं खायला शिकलेले असतात.

आता ते कन्फर्म्ड पेअर. या माशाची डिस्कस माशासारखी कायमची जोडी जमत नाही रे, नर एक गुहा धरून बसतो आणि जी मादी आत येईल तिला अडकवून ठेवतो, आज ही उद्या ती. त्यामुळे जोडीच्या नावाखाली जादा पैसे कशाला द्यायचे? त्यापेक्षा लहान सहा-आठ घे, जमलं तर दोन ठिकाणांहून, म्हणजे सगळी भावंडं होणार नाहीत. लहानपणी नर-मादी ओळखू येतच नाहीत, मोठे झाले की नराचं डोकं रुंद होतं आणि गालाजवळ नि छातीच्या पंखांवर काटे येतात. दुसरे पट्टेवाले हायपॅन्सिस्ट्रस, म्हणजे याच्याच कुळातले एल-नंबरने विकले जाणारे मासे, त्यांच्याबरोबर ठेवू नकोस, संकर होतो आणि मग ती पिल्लं लोक झेब्रा म्हणून खपवतात, हा धंदा फार चाललाय.

पाणी २८ ते ३० डिग्री आणि प्रवाह जोरदार. जानेवारीत आपल्याकडे हीटर लागणारच, पण मे महिना जास्त नडतो, कारण पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो आणि याला तर तो भरपूर लागतो, तेव्हा लाइट जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप ठेव. शेवाळ खाईल म्हणून आणणार असशील तर विसर, हा मांसाहारी आहे, फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) लागतं. गुहा मात्र महागाची घेऊ नकोस, कुंभाराकडून बिनरंगाची, एका बाजूने बंद अशी भाजलेली नळी करून घे, नर जेमतेम मावेल एवढीच, ऐसपैस केलीस तर मादी सटकते.

अंडी एका वेळी साधारण दहा-पंधराच, बाप आत बसून पंखाने वारा घालतो. पिल्लं आधी पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतात आणि नंतर इतकी हळू वाढतात की वर्षाला तीन-चार सेंटीमीटर झाली तरी खूश राहायचं. मादी अंड्यावर यायलाच दोन-तीन वर्षं. आता तूच हिशोब कर, वर्षात वसूल कसं होणार? आणि पक्कं बिल मागच. सायटिसच्या यादीतला जिवंत प्राणी घरी असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, २०२४ चे नियम आहेत.

प्रश्न: चार फुटी टँकमध्ये एशियन अरोवाना माशाचं ब्रीडिंग होईल का?
– एक वाचक, राजवाडा परिसर

उत्तर: नाही. फार्मवाले मोठ्या तलावात करतात, अंडी-पिल्लं नर तोंडात सांभाळतो, आणि हा सायटिसच्या परिशिष्ट १ मधला मासा म्हणजे नोंदणी तर हवीच, वर ब्रीडिंगचं वेगळं लायसन्स पण. चार फुटात तो एकटासुद्धा मोठेपणी नीट वळत नाही.

प्रश्न: डिस्कसची जोडी दर पंधरा दिवसांनी अंडी घालते पण सगळी पांढरी पडतात. पाणी नर्मदेचं, कधी बोअरिंगचं. औषध सुचवा.
– गृहिणी, स्नेहनगर

उत्तर: ताई, औषध नंतर, आधी पाणी बघू. मोठे डिस्कस आपल्या जड पाण्यात बऱ्यापैकी राहतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण तशा पाण्यात अंडी फळत नाहीत आणि न फळलेल्या अंड्यावर बुरशी येतेच, तिला औषध घालून काय होणार. बोअरिंगचं बंद करा. आरओचं शुद्ध पाणी (वेस्टचं नाही हं, त्यात तर क्षार आणखी वाढलेले असतात) नळाच्या पाण्यात मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) शंभरच्या आसपास आणा, नळाचं आधी अँटीक्लोरीन टाकून घ्या, आणि बदल एकदम नको, आठवडाभरात हळूहळू. अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात, मग पिल्लं पोहायला लागली की आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन जगतात, म्हणून त्यांना वेगळं काढायची घाई नको.

पण खर्च करायच्या आधी एक बघा. अंडी घालायच्या वेळी दोघांच्या पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक टोकदार. डिस्कसमध्ये दोन माद्यासुद्धा जोडी जमवतात, दोघी अंडी घालतात, दोघी राखण करतात. दोन्ही नळ्या बोथट दिसल्या तर आरओच्या आधी नर शोधायला निघा.